भांग

"तुझ्या वहिनीच्या हातचा भांग म्हणजे घाटातला रस्ता," खुर्चीत बसल्या बसल्या पोस्टातल्या बाई कुरकुरल्या. "मागच्या खेपेला सगळ्या ऑफिसनं माना वाकड्या करून बघितलं."

"तुमचं डोकंच वाकडं असेल," नणंद हसत म्हणाली आणि आरशातूनच तिनं बाईंना डोळ्यांनी गप्प केलं. वहिनी आत टॉवेल आणायला गेली होती.

पार्लर दोघींचं. भांग वाकडा का येतो, हे नणंदेला माहीत होतं. वहिनीच्या लेकीला कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथंच भोवरा होता. त्याला वळसा घालूनच भांग पाडावा लागे. शाळेच्या घाईत वहिनी तो न बघता पाडायची. मुलगी तापानं गेली. हात मात्र तसाच वळत राहिला, समोर येईल त्या डोक्यावर. घरात 'ते झाल्यापासून' एवढंच म्हणायचे, पुढचा शब्द सगळे गिळायचे. नणंद क्लिप बसवायचं निमित्त करून जमेल तेव्हा गिऱ्हाइकांचे भांग गुपचूप सरळ करायची.

वहिनी आली. बाईंचे केस ओले केले, कंगव्याचं टोक कपाळावर टेकवलं आणि मागं ओढलं.

"अय्या, सरळ!" नणंदेच्या तोंडून निघून गेलं. "वहिनी, बघ तरी, रेघ मारल्यासारखा आलाय!"

वहिनीनं बघितलं. भांग मोडला. पुन्हा पाडला. सरळ. पुन्हा मोडला.

"अगं, चांगला आलाय की! मोडतेस कशाला?"

"थांब." तिनं डोळे मिटून कंगवा ओढला. सरळच. "वळत कसा नाही," ती पुटपुटली. टोक रुतलं तशी बाईंनी मान आखडली, पण त्या उठल्या नाहीत.

नणंदेनं तिचं मनगट धरलं. "असू दे, वहिनी. बरंच झालं की. हाताची सवय सुटली. ते झाल्यापासून पहिल्यांदाच..."

"काय झाल्यापासून?"

नणंदेनं तिचं मनगट सोडलं. बाईंनी आरशावरची नजर काढून मांडीवर ठेवली.

"हातात होती गं अजून," वहिनी म्हणाली. "आज मेली."