गुडघ्याची वाटी

सन १९८१. डॉ. सबनीस अवयवांची मराठी नावं ठरवणाऱ्या समितीवर होते. प्रत्येक सभासदाने आपला शब्द चिठ्ठीवर लिहून, वर स्वतःचं नाव घातलेल्या पाकिटात द्यायचा; आधी चिठ्ठीतला शब्द वाचायचा आणि तो पास झाला तरच पाकिटावरचं नाव पुकारायचं, अशी पद्धत. दर वेळी नाव निघायचं डॉ. रेग्यांचं.

आज पहिलीच चिठ्ठी निघाली, 'गुडघ्याची वाटी'. सगळे खूश. सबनीसांना वाटलं, इतका सोपा शब्द म्हणजे रेग्याचाच! सबनीसांनी तासभर वाद घालून तो पाडला. बाकीच्या चिठ्ठ्या पुढच्या बैठकीवर गेल्या.

वाशीच्या फ्लॅटवर पोचताच ते बायकोला म्हणाले, "वैजू, आज रेग्याची 'गुडघ्याची वाटी' पाडली!"

वैजयंतीचा चेहरा उतरला.



"अहो, तुमच्या पाकिटातली चिठ्ठी मीच बदलली होती. म्हटलं, आज तरी तुमचं नाव पुकारतील."