वहिनीच्या कॉम्प्युटरमधली दुसरी पट्टी

बेबीनं आपल्या कॉम्प्युटरचं पोट उघडलं आणि दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी अलगद उपसून काढली.

"अगं, तुझा बंद पडेल ना मग!" वहिनी म्हणाली.

"तासाभरात तुझं गिऱ्हाईक येतंय. माझ्याचं काय, तो नुसता गाठोड्यासारखा पडलाय कोपऱ्यात."

खरंच पडला होता. सासर कायमचं सोडून येताना बेबीनं दोन बॅगा आणि स्वतः जुळवलेला हा कॉम्प्युटर एवढंच आणलं होतं. तिशी उलटली तरी घरात ती बेबीच होती. सोमवारी ती नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायला जाणार होती. भावाच्या घरात तिला जा असं कुणी म्हणालं नव्हतं. राहा असंही कुणी म्हणालं नव्हतं, आणि तेच तिला फार लागलं होतं.

वहिनी घरबसल्या लोकांना स्वयंपाकघरं आखून द्यायची. ओटा कुठे, कपाटं कशी, उजेड कुठून, सगळं पडद्यावर फिरवून दाखवायची. आज मात्र चित्र फिरवायला गेलं की कॉम्प्युटर बसकण मारत होता. मेमरी पुरत नव्हती, आणि ऐन गिऱ्हाइकाच्या दिवशीच.

बेबीची पट्टी दुसऱ्या कंपनीची, दुप्पट मेमरीची आणि बरीच वेगवान. तरी खाच जुळली. वहिनीच्या जुन्या पट्टीशेजारी तिनं ती टक्क आवाज येईपर्यंत दाबून बसवली.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. मग पंखाही थांबला.

"झालं कल्याण!" दादानं धावत येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. ही त्याची जुनी खोड. मिक्सर घरघरला, बंद करा. टीव्ही खरखरला, बंद करा. जेवताना एखादा विषय अवघड झाला की तोही तो असाच बंद करायचा. "एका म्यानात दोन तलवारी राहतात का कधी? एक तर ही ठेवा, नाही तर ती."

पुन्हा लावून पाहिलं. पंखा फिरला, थांबला, आणि दादाचा हात परत भिंतीवर.

बेबीचा चेहरा पडला. "काढते मी माझी," ती म्हणाली. तिनं खिट्टीवर बोट ठेवलं. "उगाच मध्ये पडले. रडतखडत का होईना, तुझं चाललं होतं, तेही माझ्या पायानं बंद पडलं."

"पायानं बियानं काही नाही. आणि काढू नकोस." वहिनी वाकून आत बघत होती. "मला एक सांग, तो बंद पडतोय की आपण बंद करतोय?"

बेबी थबकली. "पट्ट्या वेगळ्या असल्या की बोर्ड आधी दोघींना जमेल असा वेग शोधतो म्हणे. एक वेग लावून बघतो. नाही जमलं तर आपणच बंद होतो आणि कमी वेगानं पुन्हा सुरू करतो. मी वाचलंय फक्त, कधी केलेलं नाही. वेळ लागतो."

"मग लागू दे. अहो, तुम्ही त्या भिंतीपासून लांब बसा बरं. हात मांडीवर."

दादा निमूट बसला. वहिनीनं पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. दादाचा हात उचलला गेला. वहिनीनं नुसतं पाहिलं आणि तो खाली आला. जरा वेळानं पंखा आपला आपणच सुरू झाला. पुन्हा थांबला. पुन्हा सुरू झाला. काळ्या पडद्यात तिघांची तोंडं दिसत होती आणि तिघांनाही एकमेकांकडे बघायची चोरी झाली होती.

मग पडदा उजळला. बेबीचा जीव भांड्यात पडला. तिनं चटकन तपासलं; दोन्ही पट्ट्या आत होत्या.

"चालतंय! पण माझी पट्टी आता तुझ्या जुन्या पट्टीच्या वेगानं चालणार हं. सोबत चालायचं म्हणजे तेवढंच."

"पुष्कळ झालं. मला स्वयंपाकघर फिरवायचंय, विमान नाही."

गिऱ्हाईक बाई आल्या. स्वयंपाकघर कुठेही न अडखळता गर्रकन फिरलं. बाईंनी खिडकीखालचा ओटा दोनदा फिरवून बघितला, कपाटांचा रंग बदलून पाहिला आणि खूश होऊन उठल्या. "मग मापं घ्यायला कधी येताय?"

"सोमवारी," वहिनी म्हणाली. "पण मी नाही, ही येईल. माझी नणंद. यापुढे आम्ही दोघी मिळूनच करणार आहोत."

बेबीनं वहिनीकडे पाहिलं, मग दादाकडे. दादा मान डोलावत होता, जणू हे सगळं त्यानंच ठरवलं होतं. बेबीला रडूच फुटणार होतं, पण परक्या बाईंसमोर ते बरं दिसलं नसतं. ती घाईघाईनं उठून आत गेली आणि एकामागून एक खण उघडू लागली.

"वहिनी," ती आतून ओरडली, "टेप कुठे ठेवतेस गं?"