आठशे पावलं

बुरुजाच्या भिंतीला हात टेकवून मोजणीदार म्हणाले, "आठशे."

दोन्ही खांद्यांवर पिशव्या लटकवून मागून येणारा जावई थांबला. "आठशे काय, बाबा?"

"पावलं. दरवाजापासून इथपर्यंत. पंच्याहत्तर सेंटीमीटरचं एक, म्हणजे सहाशे मीटर झाले. आणि दरवाजातली पाटी काय म्हणते? तटाची लांबी चारशे ऐंशी. एकशे वीस मीटर तट गिळला की यांनी!"

"पाटी सरकारी आहे, बाबा, आणि तुम्ही निवृत्त. पाटीच जिंकणार."

"जावईबापू, चौतीस वर्षं जमिनी मोजल्यात मी. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असायचे, आणि मी त्यांच्या मधून पावलं टाकत जायचो. साखळी ताणते, फीत सैल पडते. पाऊल बदलत नाही."

सकाळी देवळाचं अंगणही त्यांनी असंच मोजलं होतं. तिथं पाटी नव्हती, म्हणून वादही नव्हता.

इथं मात्र त्यांचं ठरलं. दरवाजात पहारेकऱ्याच्या टेबलावर अभिप्रायाची वही होती. जाताना तीत लिहायचं. आकडा, तारीख, सही, सहीखाली हुद्दा.

"पण एकट्याची मोजणी म्हणजे नुसता अंदाज," ते मुलीला म्हणाले. "परतताना तू मोज. तुझं पाऊल चौसष्टचं. मीच बसवून दिलंय तुला."

मुलगी "बरं" म्हणाली. ती प्रयोगशाळेत वजनं-मापं तपासण्याचं काम करायची. वडिलांच्या पावलाबरोबर पाऊल टाकायची तिची लहानपणापासूनची सवय होती. त्यांचं डावं तेव्हा तिचं डावं, त्यांचं उजवं तेव्हा तिचं उजवं. तटावरून येतानाही ती तशीच चालली होती. तिचं पाऊल त्यांच्यापेक्षा लहान. तरी ती पुढं जात होती. तीनदा तिला थांबावं लागलं, आणि तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिला उत्तर कळलेलं होतं.

परतीच्या वाटेवर ती ओठ मिटून मोजत राहिली. आई तिच्याबरोबर चालत होती. मोजणीदार आणि जावई बरेच मागे राहिले. दरवाजाच्या उंबऱ्याशी मुलगी थांबली.

"किती?" आईनं विचारलं.

"साडेसातशे."

"म्हणजे?"

"म्हणजे चारशे ऐंशी मीटर. पाटी बरोबर आहे, आई."

आईनं मागं वळून पाहिलं. मोजणीदार ताठ मानेनं येत होते. मान ताठ होती. पाय जमिनीवरून जेमतेम उचलत होते.

"आणि यांच्यासारखे सहाशे यायला तुझी किती पावलं लागतात?"

"नऊशे अडतीस."

"मग तेवढी सांग. फिरायला आलोय आपण. एका आकड्यानं काय बिघडणार आहे?"

"वहीत लिहिणार आहेत ते. नावानिशी, हुद्द्यानिशी. उद्या कुणी फीत लावून पाहिलं म्हणजे?"

"उद्याचं उद्या."

"हसतील गं त्यांना. आपण इथं नसू, आणि हसतील."

आईनं पदरानं कपाळ पुसलं आणि ती दरवाजाच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

मोजणीदार पोचले ते खिशातलं पेन काढतच. पहारेकऱ्यानं वही उघडून त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी टोपण काढलं, तारीख लिहिली आणि मुलीकडं न बघताच विचारलं, "हं, सांग. किती?"

नऊशे अडतीस हा आकडा तिच्या जिभेवर तयार होता. तिनं वडिलांच्या हाताकडं पाहिलं. पेनाचं टोक कागदापासून केसभर वर थांबलं होतं.

"साडेसातशे," ती म्हणाली.

"नीट मोजलीस?"

"हो."

"मधे कुणाशी बोललीस?"

"नाही, बाबा."

जावई काहीतरी विनोद करणार होता. बायकोचा चेहरा बघून त्यानं नुसतीच पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मोजणीदारांनी पाटीकडं पाहिलं. मग आपल्या बुटांकडं. "चारशे ऐंशीला आठशेनं भागायचं," ते स्वतःशीच म्हणाले. भागाकार सोपा होता, पण त्यांनी वेळ घेतला. "साठ."

मग पंच्याहत्तरातून साठ वजा केले.

"पंधरा सेंटीमीटर," ते म्हणाले. "रोज सकाळी काम सुरू करण्याआधी साखळी तपासायचो. शिपाई वैतागायचे माझ्यावर. हे तपासायचं कधी सुचलंच नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे ना वही."

"का राहू दे? तारीख घातलीय." ते वाकले आणि पूर्वी नकाशांवर लिहीत तशा सुट्या, सरळ अक्षरांत त्यांनी लिहिलं: ‘पाटीवरील लांबी दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासली. बरोबर आहे.’ खाली सही केली. हुद्दाही घातला.

पहारेकऱ्यानं वही आपल्याकडं वळवून वाचलं. "लोक इथं पिण्याच्या पाण्याची तक्रार लिहितात," तो म्हणाला. "बरोबर आहे असं आजवर कुणी लिहिलं नव्हतं."

दरवाजाबाहेर गाडीपर्यंत दगडी फरसबंदीचा उतार होता. मुलगी आणि जावई पुढं गेले. मोजणीदार दोन-चार पावलं चालले आणि थांबले. बायको शेजारीच होती. तिच्या पायांकडं ते थोडा वेळ पाहत राहिले.

"तुझं पाऊल कितीचं गं? इतक्या वर्षांत मोजलंच नाही कधी."

"कसं मोजणार?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी तुमच्यामागं धावतच होते. बरोबरीनं चालायला लागून दोनच वर्षं झालीत."