भराव

उलव्याजवळ विमानतळाच्या भरावाचं काम जोरात चाललं होतं. कंत्राटदारानं सगळ्या डंपरांना नुकतंच एक नवं यंत्र बसवलं होतं. कुठला डंपर कुठं आहे आणि त्याचं इंजिन चालू आहे की बंद, ते पनवेलच्या ऑफिसात बसलेल्या हरेशला पडद्यावर दिसायचं. त्या दुपारी तुळशीरामचा भरलेला डंपर बराच वेळ एकाच जागी, इंजिन चालू ठेवून उभा दिसला. डिझेलचोरीचा संशय येऊन हरेशनं फोन लावला.

"तुळशीरामदादा, गाडी बिघडली का?"

"नाय साहेब, गाडी बरी हाय."

"मग त्या मोकळ्या माळावर काय करताय?"



"माळ नाय, साहेब. आमचं घर व्हतं इथं. गाव उठलं तवा पाडलं. जोतं अजून दिसतंय. आजचा भराव नेमका यावरच टाकायला सांगितलाय."

हरेशचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही या परत. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

"नको. आई गेली याच घरात, पोरंही इथंच झाली. परक्याचा हात नको लागायला. माती मीच देतो."

हरेशनं फोन ठेवला नाही. पलीकडे हौद्यातली माती घसरत खाली पडण्याचा आवाज थांबेपर्यंत तो तसाच कानाला धरून बसला.