चौतीस वर्षांचा बिल्ला

“नोकरी गेली तर गेली. आण इकडे, करते सही,” व्हर्नेल म्हणाली.

समोरची वकील पोरगी, केंड्रा, हसली. “नोकरी कशानं जाईल, मिस व्हर्नेल?”

व्हर्नेलने कागद पुढे ओढले. मेम्फिसच्या एका सरकारी शाळेत ती बावीस वर्षं मुलांना जेवण वाढत होती. दिवाळखोरीचा अर्ज केला की ती नोकरी सुटणार, हे ती धरूनच आली होती. आता सांभाळायची तरी कुणासाठी? कोटावर तिने नवऱ्याचा, लुशियसचा, बिल्ला लावला होता. चौतीस वर्षं शहराची बस विनाअपघात चालवली म्हणून मिळालेला. माणूस गेला आणि तेवढा पितळेचा तुकडा मागे राहिला.

कर्ज तिच्याच आजारपणाचं. छातीत गाठ निघाली, दोन ऑपरेशनं झाली, आणि मग इस्पितळाची बिलं येतच राहिली. लुशियसने घरात दोनदा दिवाळखोरीचा विषय काढला. दोन्ही वेळा तो तिथल्या तिथे मिटला. असल्या माणसाच्या हाती महापालिका बस ठेवत नाही, चाव्या काढून घेते, ही धास्ती. मग एकसष्टाव्या वर्षी त्याने गोदामात दुसरी नोकरी धरली. बस डेपोत लावायची, घरी येऊन बूट बदलायचे आणि खोकी उचलायला जायचं. किती वाळला होता बिचारा! बोललं तर म्हणायचा, “तू बरी झालीस ना, मग बास.” मार्चमधल्या एका दुपारी तो बूट बदलायला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टेकला. एक बूट पायात चढला होता, दुसरा हातातच राहिला.

“सरकारी नोकरीतून असं काढताच येत नाही कुणाला,” केंड्रा सांगत होती. “शाळा असो, शहराची बस असो. नुसत्या दिवाळखोरीपायी तर नाहीच. कायदा आहे तसा.”

“आत्ता झालाय का गं?”

“छे हो! अठ्ठ्याहत्तर सालचा आहे. माझा जन्मसुद्धा नव्हता.”

व्हर्नेलच्या वडिलांना गिरणीने काढलं ते चौऱ्याहत्तर साली, दिवाळखोरीचा अर्ज केल्यानंतरच्या शुक्रवारी. सकाळी दहालाच ते न उघडलेला डबा घेऊन परत आले आणि पायरीवर बसून राहिले. चौदा वर्षांच्या पोरीने ते दारातून पाहिलं आणि जन्मभर मनात धरून ठेवलं. लुशियसशी तिचं लग्न झालं एक्याऐंशीत. तिने बोटांवर वर्षं मोजली. मग पुन्हा मोजली.

“म्हणजे माझ्या लुशियसला...”

“हात लावता आला नसता. बस त्यांचीच राहिली असती.” केंड्राची नजर बिल्ल्यावर गेली आणि तिला संतापच आला. “लोक पण ना, माहिती नसताना ठोकून देतात काहीतरी! कुणी घातलं होतं हे त्यांच्या डोक्यात?”

व्हर्नेलने कोटावरचा बिल्ला काढला. टाचणी बोटाला लागली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. बिल्ला तिने हळूच कागदांवर ठेवला.

“मी, पोरी,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा मीच.”