दोन डाव्या चपला

"विश्वात प्रत्येक डाव्याला त्याचा उजवा असतोच!" रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक चौबळ सर रिकाम्या घरात गरजले. त्यांच्या पायांत मात्र दोन्ही डाव्याच चपला होत्या. गुरुवारच्या योगवर्गातून घरी पोचल्यावर कळलं.

संध्याकाळी योगवर्गातलेच दामले दोन उजव्या घेऊन आले. सरांनी लगेच डावी-उजवी समोरासमोर धरली.

"पट्टे तेच, टाचा त्याच, पण एकीवर दुसरी तंतोतंत बसत नाही. असे रेणूही असतात, दामले! अणू तेच, बंध तेच, फक्त मांडणी आरशातली."

"म्हणून माझा डावा अंगठा ठणकतोय होय!"

पत्नी गेल्यापासून सरांचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. चहा झाला, जोड जुळले, दामले निघाले.

सरांनी जिन्यावरून हाक मारली, "दामले, येत्या गुरुवारीही माझी एक घालून जाल का?"