माईंची तक्रार

"साहेबांना पाणी मिळेल का?" खुर्चीतून आवाज आला.

मटार सोलता सोलता माईंनी मुलाकडे डोळे वटारले. "हातपाय मोडलेत का तुझे?"

"पाठ मोडलीय. कागदोपत्री!" असं म्हणून त्यानं डोळा मारला.

गोदामात त्याच्या पाठीवर पेटी पडल्याचं कळलं, तेव्हा माईंनी देव पाण्यात ठेवले होते. पण इस्पितळातून घरी आल्या आल्या त्यानं दार लावून हळूच सांगितलं, "माई, नुसतं खरचटलंय. विम्याचे पैसे मिळतायत तोवर नाटक करायचं. बाहेर कुठे बोलू नकोस."

तेव्हापासून घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. गोदामाच्या पाळ्यांमुळे जो मुलगा वर्षानुवर्षं धड दिसलाही नव्हता, तो आता दिवसभर समोर. गाणी काय म्हणायचा, शेजाऱ्यांच्या नकला काय करायचा! काठी फक्त दाराबाहेर. घरात भिंतीला हात लावत ऐटीत फिरायचा. आळस मात्र असा अंगात मुरला होता, की पायाशी पडलेला मटार उचलेल तर शपथ. "तुला तेवढाच व्यायाम," म्हणायचा. पलंग सोडून जमिनीवर झोपायचा. आंघोळीला गेला की नळ सोडून तास तास बाहेर यायचा नाही. दुपारी मित्रांकडे पत्ते कुटायला जायचा. माईंना रागही यायचा, हसूही यायचं, आणि लेक जवळ असल्याचं सुख तर वाटायचंच.

पण एक गोष्ट काही केल्या घशाखाली उतरत नव्हती. त्याचे वडील असेच ओझ्याखाली सापडून गेले, तेव्हा याच विम्यानं माईंना तारलं होतं. त्याच पैशांवर हा पोरगा वाढला. आणि आता तिथंच हात मारायचा?

"अरे, बास झालं. कामावर जा आता," त्या एकदा म्हणाल्या.

"जाईन गं. फुकटची सुट्टी कोण सोडतं?" तो हसला.

दुसऱ्या दिवशी तो पत्ते खेळायला गेल्यावर माईंनी मन घट्ट करून विमा कंपनीला फोन लावला. मुलाचं नाव सांगताना जीभ अडखळली, पण सांगितलं. फोन ठेवून पोटभर रडल्या. मग जरा हलकं वाटलं.

पंधरवड्यानं, अशाच एका दुपारी, कंपनीची तपासनीस बाई घरी आली.

"शिक्षा होईल का हो त्याला?" माईंनी विचारलं.

"आजी, तो नाटक करतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानंच! आणि मी रोज बघते की. हसतो, गातो. आत्ताही डावात रंगला असेल."

बाईनं माईंचा हात हातात घेतला.

"आम्ही बरेच दिवस त्यांच्या मागावर होतो. ते पत्ते खेळायला जात नाहीत, आजी. इस्पितळात जातात. मी आत्ता तिथूनच आले. मणक्याला तडा गेलाय. हा माणूस उभा तरी कसा राहतो, असं डॉक्टर म्हणतात. नाटक चाललंय हे तुमचं खरं आहे. पण ते फक्त या घरात चालतं."